बर

श्री. लोथार विघ्ने, दुसरा मजला, चरई, ठाणे.
विजेचं बिल या नावाने यायचं.
खरं आडनाव वीगांट.
पण मीटरवाल्याने ऐकलं तसं लिहिलं
आणि साहेब म्हणाले, राहू दे,
शब्द असेच तर घर बदलतात.

टायपिंग इन्स्टिट्यूट बुडाली तेव्हा
पगाराऐवजी मला एक मशीन मिळालं.
त्यातला ट ओळ सोडून वर उडायचा.
त्या मशीनवर, दोन रुपये कार्ड या दराने,
मी एका न पाहिलेल्या गावाचा संसार उतरवला:
ओल्या लोकरीचा वास, त्याला वेगळा शब्द.
शेळीने दूध चोरून धरणं, त्याला वेगळा.
डाळिंबाच्या सालीत बोटं काळी होतात, त्यालाही.

रोमन अक्षरांना टिंबं देऊन डोळे गेले, म्हणायचे.
तुमच्या लिपीला उच्चार सांगावा लागत नाही, मिस ओवळेकर.

स्वतःबद्दल एकदाच बोलले.
नऊ वर्षांचे होते, माग्डेबुर्ग जळून गेलं होतं,
त्या हिवाळ्यात आईने शेगडीत पुस्तकं घातली.
फारसीचं एक व्याकरण ओलं होतं, म्हणून वाचलं.
मग मी ते वाचलं, असं म्हणून
स्वतःच्याच कोटीवर इतके हसले
की चहा बशीत सांडला.

टेंभी नाक्यावर अग्यारीबाहेरच्या बाकावर
रोज चारला जाऊन बसायचे.
आत जायची परवानगी नाही, हे पहिल्या दिवशीच कळलेलं.
तेहमुलजी दस्तूर बाहेर यायचे, हातात पोथीची नक्कल,
आणि एका क्रियापदावरून दोघे असे भांडायचे
की नारळपाणीवाला गाडी जरा लांब घ्यायचा.
घरी येताना मला सांगायचे,
बाजार, कागद, जमीन, अंदाज,
तुमच्या घरात माझ्या गल्लीतली किती माणसं राहतात!

त्या गावाचं नाव नकाशात नव्हतं.
काशानच्या पुढे, मिठाच्या वाळवंटाला लागून कुठेतरी.
ती बोली बोलणारी एकच म्हातारी उरली होती, मासूमे.
एका शब्दाला एक खडीसाखरेचा खडा घ्यायची.
दोन हजार तीनशे कार्डं.
दात तिचे आधीच गेले होते, ते सांगायचे,
नाहीतर ते पापही माझ्याच माथी.
ती गेल्यावर ती बोली बोलायला
जगात एकटे हेच.
मांजराशी बोलायचे.

मग झटका आला.
सिव्हिल हॉस्पिटल, खाट सत्तावीस.
वकिलातीतला एक तरुण येऊन अर्धा तास जर्मन बोलला.
साहेब त्याच्या टायकडे बघत राहिले.
इंग्रजी गेली. फारसी गेली. मराठी चार शब्द होती, तीही.
सिस्टर मला म्हणाली, अहो, येतंय की आजोबांना,
सारखं बरं, बरं म्हणतायत.

मलाही तसंच वाटलं, खोटं का सांगू.
हायसं वाटून घरी आले, भात लावला,
आणि तिसरी शिट्टी होताना आठवलं:
अकराशे चाळीस.
बर. नाम. दार.
उदाहरण: बर वा क. दार उघड.
(मासूमे, संध्याकाळी, कोंबड्या आत घेताना.)

गॅस बंद करून रिक्षा केली.
पण वॉर्डाला दारच नव्हतं.
नुसती चौकट, तिच्यातून दिवसभर माणसं.
ते म्हणतच होते. बर. बर.
मग मी खाटेशेजारचं ते गंजकं लोखंडी कपाट,
ज्यात त्यांचा चष्मा आणि दोन मोसंबी होती,
त्याचं दार उघडलं.
केवढ्याने करकरलं. चार खाटांवरचे जागे झाले.
साहेब गप्प झाले. ऐकत होते.
मी बंद केलं. पुन्हा उघडलं.
किती वेळा, ते मोजलं नाही.

बिल अजून विघ्ने यांच्याच नावाने येतं, मी भरते.
कार्डं बुटांच्या खोक्यांत आहेत, माझ्या कॉटखाली.
अकराशे चाळीसवर जागा शिल्लक होती.
खाली टाइप केलं:
ठाणे, सिव्हिल, खाट सत्तावीस, रात्री पावणेदहा.
ऐकणारी, स्वतः.
बोलणारा, लोथार वीगांट.
ट वर उडाला.